खळ्यात कोण आलंय?

मुलांनो, तुमच्या बाईंना किंवा सरांना कधी बक्षीस लागलं आहे का? मला नुकतंच लागलं. म्हणजे, जवळजवळ लागलंच होतं!

झालं असं. मधली सुट्टी संपली होती. शालेय पोषण आहाराची रोजची माहिती फोनवर भरावी लागते, म्हणून मी फोन टेबलावर ठेवला होता. तेवढ्यात तो टिणटिणला. वही दाखवायला आलेल्या चौथीतल्या एका मुलाने टाचा उंच केल्या, पडद्यावरची ओळ वाचली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा ओरडला, "बाईंका बक्षीस लागला!"

मग काय विचारता! टाळ्या काय, बाकं बडवणं काय! शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्याच्या फोनवरचा मजकूर वाचू नये, हे मी त्याला सांगितलं खरं, पण नंतर. आधी मलाच तो वाचायची घाई झाली होती. मेसेज आला होता नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या एका साइटवरून. 'अभिनंदन! देशभरातल्या निवडक शिक्षकांमध्ये आपली निवड झाली आहे.' खाली संस्थेचं भारदस्त नाव, सोनेरी मानचिन्हाचं चित्र आणि अगदी तळाशी नोंदणी शुल्क. शुल्क भरलं की मानचिन्ह घरपोच.

म्हणजे निवड वगैरे काही नव्हती. तो मानचिन्हं विकणारा माणूस होता. डोक्यावरची पाटी त्याने कोपऱ्यात ठेवली होती आणि पाहुण्यासारखा फेटा बांधून आला होता, एवढंच.

मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पेढे बुडाले ना! पण पहिल्या बाकावरच्या एका मुलीने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. ती म्हणाली, "बाई, पण त्येंका तुमचा नाव कसा कळला?"

आजचा हा सगळा मजकूर त्या प्रश्नामुळेच लिहितेय, बरं का.

आपल्याकडे विकणारे लोक पूर्वीपासून येतात. बांगड्यांवाली यायची, कल्हईवाला यायचा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. पण तिची रीत बघा. ती गडग्याबाहेरूनच हाक मारणार. आजी पडवीतून म्हणणार, "आज काय घेवचा नाय गो!" की ती पुढच्या घरी. कधी आजीच तिला बोलावून खळ्यात बसवायची, पाणी द्यायची, तासभर घासाघीस चालायची आणि शेवटी एक पातेलं घेतलं जायचं. बोहारीण कितीही ओळखीची झाली तरी विचारल्याशिवाय माजघरात यायची नाही. आणि एक गोष्ट: पाटी डोक्यावर घेऊन, उन्हातून पाय तुडवत ती आलेली असायची. एका दिवसात किती घरं होणार? पंचवीस, फार तर तीस.

आमचं खारेपाटण तर जुन्या व्यापाराचं गाव. विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं आत येत. इथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शिलाहार राजा अनंतदेव याचा, सन १०९४ च्या सुमाराचा आहे. त्यात काय लिहिलं असेल? लढाई? नाही! दोन भावांना जकात माफ केल्याचं त्यात लिहिलं आहे. ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत त्यांचा माल आला तर जकात घेऊ नये, अशी राजाज्ञा आहे. जकात माफ होणं ही तांब्यावर कोरून ठेवण्याइतकी मोठी गोष्ट होती. माल घेऊन कुठे शिरायचं तर वेशीवर, बंदरावर काहीतरी मोजावं लागायचंच.

आता फोनमधल्या फेरीवाल्याकडे पाहा. त्याला ना ऊन, ना पाटी, ना जकात. आम्ही वर्गात याचं गणितच केलं. साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळतं. दहा हजार लोकांना जाहिरात पाठवायची तर किती खर्च? बरोबर, पाच हजार रुपये. शिवाय दहा हजार पत्ते लिहून हात मोडून येतील ते वेगळंच. तेच दहा हजार मेसेज एखादा माणूस यंत्राला सांगून बसल्या जागी पाठवतो आणि खर्च जवळजवळ शून्य. समजा, हजारात एकानेच वस्तू घेतली. तरी दहा गिऱ्हाइकं झाली की नाही? उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद लोकांची झोप मोडली, काम थांबलं, त्याचा हिशोब पाठवणाऱ्याच्या वहीत येतच नाही. तो खर्च आपण भरतो.

पोस्टकार्डांवरून आणखी एक आठवलं. तुमच्या आईबाबांना विचारा, लहानपणी त्यांच्या घरी अशी पत्रं यायची का: 'हे पत्र मिळताच एकवीस जणांना पाठवा, भरभराट होईल. न पाठवल्यास...' पुढे भयंकर काहीतरी. घाबरून लोक खरंच एकवीस कार्डं लिहायचे. आता त्याचं गणित करा. एकाने २१ जणांना पाठवलं, त्या प्रत्येकाने २१ जणांना, म्हणजे ४४१. तिसऱ्या फेरीला ९,२६१. असं करत सातव्या फेरीला आकडा १८० कोटींवर जातो! आपल्या देशात तेवढी माणसंही नाहीत. तेव्हा कुणीतरी पत्र फाडून चुलीत घातलं होतं म्हणूनच टपालखातं वाचलं, असं मी वर्गात म्हटलं. मुलं खूप हसली.

न विचारता जाहिरात पाठवायची खोड मात्र फोनच्याही आधीची आहे. १८६४ साली लंडनमध्ये काही बड्या लोकांच्या घरी तार आली. तार म्हणजे काय, हे तुमच्या आजोबांना विचारा. मुंबईहून चाकरमान्याची तार आली की उघडायच्या आधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. (आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) त्या लंडनच्या लोकांच्याही काळजात धस्स झालं असणार. तार फोडून पाहतात तर आत काय? अमुक दाताचे डॉक्टर अमुक वेळेत दवाखान्यात भेटतील! तार मिळालेल्या एका गृहस्थाने संतापून 'टाइम्स' वर्तमानपत्राला पत्र लिहिलं.

पुढे संगणक एकमेकांना जोडले गेले. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात त्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवून दिली. लोक चिडले, त्याला बोलणी बसली. पण गंमत अशी, की संगणक विकलेही गेले. खरी मेख इथेच आहे. चारशेतले बहुतेक सगळे रागावले तरी चालतात. थोड्यांनी घेतलं की पुरतं.

अशा नको असलेल्या मेसेजांना 'स्पॅम' म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. स्पॅम हे मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचं नाव, १९३७ पासूनचं. १९७० मध्ये 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेत एक प्रसंग होता. खानावळीत जो पदार्थ मागावा त्यात स्पॅम! समजा तुम्ही खानावळीत गेलात आणि भातात कुळीथ, भाजीत कुळीथ, सोलकढीतही कुळीथ, आणि नको म्हटलं तरी वाढपी कुळीथ कुळीथ ओरडत वाढतोच आहे, तर कसं वाटेल? तसं ते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. माझं नाव कसं कळलं?

उत्तर अगदी सोपं होतं, आणि थोडं लाजिरवाणंही. ते मीच सांगितलं होतं. नोकरी-व्यवसायाच्या ज्या साइट असतात (लिंक्डइन ही त्यातली सगळ्यांत माहितीतली; ती २००३ साली सुरू झाली) तिथे प्रत्येक जण आपली पाटी लावतो. नाव, गाव, शिक्षण, कुठे काम करतो, काय येतं. नवी नोकरी शोधणाऱ्याला, दुसऱ्या शहरातल्या जाणकाराला प्रश्न विचारणाऱ्याला ती पाटी उपयोगी पडते. तुमच्या ताईला किंवा दादाला तिथून कदाचित नोकरीही मिळाली असेल. पण पाटी वाचायला फक्त चांगलेच लोक येतात असं कुठे आहे? 'प्राथमिक शिक्षिका, सिंधुदुर्ग' हे वाचून मानचिन्हवाला आला. त्याच्या आधी विमावाला आला होता, शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम विकणाऱ्या बाई आल्या होत्या. एकाने तर मला बालवाडीची शाखा उघडायचा सल्ला दिला. भांडवल किती लागेल तेही त्यानेच ठरवून टाकलं होतं!

त्यांची एक युक्ती सांगते. अशा साइटवर अनोळखी माणसाला सहसा सरळ लिहिता येत नाही. त्यासाठी साइटला पैसे भरावे लागतात. म्हणून विक्रेता आधी फक्त ओळखीची विनंती पाठवतो. 'आपलं काम पाहून आनंद झाला.' आपणही खूश होऊन 'स्वीकार' दाबतो. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडते. मीही तशीच फसले होते. माझं कुठलं काम त्याने पाहिलं होतं, हे विचारायला हवं होतं.

बाकी नावं कुठून जातात? जत्रेत 'भाग्यवान सोडत' म्हणून चिठ्ठी भरून डब्यात टाकता, तिथून. दुकानात बिल करताना 'नंबर सांगा' म्हणतात, तिथून. एखादा खेळ फोनवर घेताना तो विचारतो, 'तुमच्या ओळखीच्यांची यादी पाहू का?' आणि तुम्ही घाईत 'हो' दाबता, तिथून तर तुमच्या मामाचा, मावशीचा आणि बाईंचाही नंबर जातो! दहावीचा निकाल लागला की घरोघर क्लासवाल्यांचे फोन का सुरू होतात, याचा पालकांनी थोडा विचार करून पाहावा.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींची किंमत अशी कुठेतरी दडलेली असते. आपल्या टपालखात्याने २००२ साली 'मेघदूत' नावाचं पोस्टकार्ड काढलं होतं. साधं कार्ड पन्नास पैशांना, तर हे पंचवीसला. का? तर पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली असे आणि उरलेला भार जाहिरात देणारा उचलत असे. मला तो सौदा प्रामाणिक वाटतो. जाहिरात कुठे आहे ते दिसत होतं, सवलत किती ते कळत होतं, आणि कार्ड तुमच्या मावशीचं नाव कुणाला विकत नव्हतं.

असे सगळेच मेसेज नुसते त्रासाचे नसतात. काही धोक्याचे असतात. 'घरबसल्या काम. व्हिडिओला लाइक करा, रोज पैसे मिळवा.' आमच्याच भागातल्या एका ताईंना असा मेसेज आला. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर जमा झाले. म्हणून विश्वास बसला. मग 'मोठं काम हवं तर आधी अनामत भरा' असं झालं, मग आणखी अनामत. भांड्यावर भांडं रचावं तसं. शिवणकाम करून साठवलेले पैसे गेले. वाईट याचं वाटलं, की त्यांनी आठ दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणे. अशा वेळी १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो. जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त. मुलांनो, हा क्रमांक आज घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आईच्या हातून असं झालं तर तिला हसू नका.

साध्या एसएमएस आणि फोनसाठी आपल्याकडे नियम आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', ते करतं. आईच्या फोनवरून १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य असा एसएमएस पाठवला, की जाहिराती नकोत अशी नोंद होते. तरी कुणी त्रास दिला तर सात दिवसांत तिथेच तक्रार करता येते. एक खेळही खेळता येईल. २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेची माहिती, 'टी' म्हणजे व्यवहाराची आणि 'जी' म्हणजे सरकारी. बाबांच्या फोनवर एका दिवसात 'पी' किती येतात ते त्यांची परवानगी घेऊन मोजा बरं!

पण व्हॉट्सॲप, फेसबुक, लिंक्डइन यांवरच्या मेसेजांना हे १९०९ चं कुंपण नाही. तिथे प्रत्येकाने आपला गडगा आपणच रचायचा. नको असलेल्या माणसाला 'ब्लॉक' करायचं, आणि त्रासदायक असेल तर 'रिपोर्ट'ही करायचं. व्हॉट्सॲपवर 'रिपोर्ट' केलं की त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे तपासायला जातात. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची सोय २०२४ पासून आहे. तिथे फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲप तिन्हींबद्दल कळवता येतं. आणि उत्तर देत बसू नका. 'मला मेसेज करू नका' असं रागाने लिहिलं तरी समोरच्याला एवढं नक्की कळतं, की हा नंबर चालू आहे आणि त्यावरचा माणूस मेसेज वाचतो.

पालकांसाठी दोन ओळी. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमाने तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे स्वतःहून खातं उघडता येत नाही. लिंक्डइनला सोळा वर्षं लागतात. वय वाढवून खातं उघडून देणारे पालक मी पाहिले आहेत. वय वाढवलं की मुलाला मोठ्यांच्या जाहिराती येणार, हे उघड आहे. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मागावर राहून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण मूल मूल आहे हेच लपवलं, तर कायदा तरी काय करणार?

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, विकणारे लोक वाईटच असतात. थांबा. आता एक गोष्ट सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नववीत आहे. तिच्या बाबांची खाडीकाठी हापूसची कलमं आहेत. आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं, पण पेटी दलालामार्फत गेली की बागायतदाराच्या हातात पडतं ते थोडंच. म्हणून गेल्या वर्षीच्या एप्रिलात तिने ठरवलं, आपणच थेट मुंबईला विकायचे. बाबांच्या फोनवर तिने एक ग्रुप केला. जुनी गिऱ्हाइकं घातली, आणि दादरच्या चुलतभावाने त्याच्या इमारतीतल्या सगळ्यांचे नंबर दिले तेही घातले. एकूण एकशे ऐंशी. आंब्यांचे छान फोटो टाकले, भाव लिहिला. तिला वाटलं, आता पेट्या पुरणार नाहीत.

तासाभरात चाळीस जण ग्रुप सोडून गेले. मग एका आजोबांचा फोन आला. ते म्हणाले, "तुमचे आंबे मी बारा वर्षं घेतोय. पण माझा नंबर दीडशे अनोळखी लोकांना कसा काय दिलात? सकाळपासून मला दुसराच माणूस घर विकायला बघतोय."

खरंच होतं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्यातल्याच कुणीतरी ते उचलून घेतले होते. ती रडत माझ्याकडे आली. "बाई, आम्ही फसवलंव नाय. आंबे खरेच होते ना!" आंबे खरेच होते. मानचिन्हवाल्यासारखी ती खोटं बोलली नव्हती. तरीही आजोबांच्या माजघरात ती विचारल्याशिवाय शिरली होती, आणि मागून दुसऱ्याला वाटही करून दिली होती.

संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून तो ग्रुप मोडला. जुन्या गिऱ्हाइकांना तिने एकेक करून लिहिलं: चूक झाली, क्षमा करा, पुढच्या वर्षी आंबे तयार झाले की आपल्याला एकदा कळवू का? 'हो' म्हणणाऱ्यांना तिने आपला नंबर नावासकट जपून ठेवायला सांगितलं. व्हॉट्सॲपवर 'ब्रॉडकास्ट लिस्ट' म्हणून एक सोय आहे. तिच्यातून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनात ठेवला आहे त्यांनाच पोचतो, आणि कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. इमारतीतल्या लोकांचे नंबर तिने पुसून टाकले. दादरचा भाऊ म्हणे थोडा रुसला.

त्या हंगामात आंबे शेवटी दलालालाच द्यावे लागले.

यंदा पहिली पेटी भरली तेव्हा तिने यादीतल्या लोकांना एकच मेसेज पाठवला: भाव, वजन, गाडी कधी निघणार, आणि खाली 'नको असेल तर नको लिहा, पुन्हा पाठवणार नाही.' दोघांनी 'नको' लिहिलं. आजोबांचं उत्तर रात्री आलं. 'दोन पेट्या. गेल्या वर्षीचे आंबे बाजारातून आणले होते, धड नव्हते.'

ग्रुप सोडून गेलेल्या चाळीस जणांपैकी बाकी कुणी परत आलेलं नाही. तिने त्यांना पुन्हा विचारलेलंही नाही.